सोमवारचं मौन

“आई, अपडेट चाललंय. पडदा काळा झाला तरी बटणाला हात लावू नका हं,” असं बजावून सून रचना सकाळी क्लासला गेली. पण कॉम्प्युटरची घरघर जपाच्या आड यायला लागली आणि शकूताईंनी बटण बंद केलं.

संध्याकाळी कॉम्प्युटर काही केल्या सुरू होईना, आणि आठ वाजता रचनाची नोकरीसाठी ऑनलाइन परीक्षा. वर्तकनगरचा दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, “ताई, अपडेट अर्धवट असताना कोणीतरी बंद केलाय.”

“आईने केला असेल?” सिद्धेशने बायकोला विचारलं.

“छे रे, त्यांना सांगून गेलेले मी.”

“मग तूच. तुला कशाचा धीर असतो?”

“असेल बाबा. निघताना माझ्याच हातून झालं असेल.”

देवापुढे बसलेल्या शकूताईंच्या खांद्यावर तिने हात ठेवला. “आई, सात वाजून गेले. दिवा लावून मौन सोडायचं राहिलंय ना? बरं वाटत नाही का? मी लावू?”

शकूताईंनी मानेनेच नको म्हटलं. दिवा लागला की तोंड उघडायचं आणि खोटं बोलायचं नाही, हा त्यांनी देवाला दिलेला शब्द होता. तासभर मुठीत दाबून धरलेली काडेपेटी त्यांनी उघडली.