वजनांची यादी

नवऱ्याने डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठी छोटा ट्रक घेतला आणि त्याला टायर कोणते घालायचे यावरून आठवडाभर माझं डोकं खाल्लं. टायरवाल्याने बजावलं होतं, "गाडीत जे जे जाणार त्या प्रत्येकाचं वजन लिहून आणा. भार कळल्याशिवाय मी टायर देणार नाही."

मग घरातला वजनकाटा काढून मीच सगळं तोललं. तंबू, पाण्याचे कॅन, शेगडी, नवरा, दोन्ही दीर, अगदी अंग चोरणारा कुत्रासुद्धा. शेवटी हळूच मीही काट्यावर चढले आणि माझा आकडा लिहिला.

दुकानात बेरीज झाली. टायरवाला म्हणाला, "साहेब, थोडक्यासाठी भार जास्त होतोय. कडक टायर लागतील, आणि ते हाडं खिळखिळी करतात."

नवऱ्याने यादी ओढून घेतली आणि शेवटची ओळ खोडली. "ही कुठे येतेय? घरी आईजवळ कोणीतरी नको का?"

टायरवाल्याचा चेहरा खुलला.

"मग प्रश्नच मिटला! आता गाडी कशी फुलासारखी जाते बघा, वहिनी."