झेपेल तेवढं

"तुम्हाला झेपणार नाही तेवढी सगळी फी कॉलेज भरतंय. आणखी काय हवं?" खिडकीतल्या बाई वैतागल्या.

"पण आमच्या वाट्याला चाळीस हजार आलेत. मी साधा शिंपी, एवढे आणू कुठून?" बाबा म्हणाले.

बाईंनी आमचा फी-मदतीचा अर्ज काढला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. 'कुटुंबाला किती झेपेल?' त्यापुढे चाळीस हजार लिहिलेलं होतं.

मी चक्रावले. अर्ज मी भरला होता आणि तिथे शून्य लिहिलं होतं. बाबांनी फक्त सही करून तो इथे आणून दिला होता.

बाबा गळ्यातली टेप चाचपत राहिले. "अगं, अगदीच शून्य कसं लिहायचं? लोक काय म्हणतील? म्हटलं, आपलाही थोडा हातभार असू दे. खरंच तेवढे सगळे मागतील असं कुठे वाटलं होतं?"

"बाई, आता बदलता येईल का?" मी विचारलं.

"यादी लागली. पैसे वाटून झाले." बाईंचा आवाज एकदम खाली आला. "काका, गाडीतून येणारेसुद्धा इथे शून्यच लिहितात हो."