आतून किल्ली लागणारं कुलूप

"हे कुलूप लावू नका, ताई. फसलात तुम्ही," वडील म्हणाले आणि खोका तिच्याकडे परत सरकवला.

ती त्यांची सख्खी मुलगी. पण गेल्या वर्षभरात त्यांच्या लेखी ती कुणीतरी गिऱ्हाईक झाली होती. भली बाई, जेवायला वाढणारी, पण गिऱ्हाईकच. "बाबा" म्हणून हाक मारावी, तर तीही फुकट जायची. सुतारकामाच्या पन्नास वर्षांत सगळीच गिऱ्हाइकं त्यांना बाबा म्हणत आली होती.

"काय वाईट आहे त्यात?" तिनं विचारलं.

"याला आतूनसुद्धा किल्ली लागते. उद्या आग-बिग लागली तर किल्ली शोधत बसणार का? आणि ही गोल मूठ बघा. म्हाताऱ्या हातानं फिरतच नाही. लांब दांडीचं हँडल घ्यायचं. दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी कोपरानं उघडतं." त्यांनी मान हलवली. "दुकानदारानं गळ्यात मारलं वाटतं."

गळ्यात कसलं मारतोय! दुकानदारानं काउंटरवर चांगली डझनभर कुलपं मांडली होती, आणि तिनं शोधून शोधून नेमकं हेच उचललं होतं. या आठवड्यात वडील तीनदा दार उघडून निघून गेले होते. परवा तर मोठ्या रस्त्याच्या मधोमध उभे होते, पायात चप्पलही नाही. ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला म्हणून निभावलं.

"घरात एक म्हातारं माणूस आहे," ती म्हणाली. "न सांगता बाहेर पडतात."

"कुठं जातात?"

"घरी जायचंय म्हणतात."

"अहो, मग कुणीतरी नेऊन सोडा की बिचाऱ्यांना! कोंडून काय ठेवताय?"

घर हेच होतं. हे दारसुद्धा त्यांनीच घडवलेलं, ती शाळेत होती तेव्हा. सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, छान आहे हो तुमचं घर.

"बाबा, हेच लावायचंय," ती म्हणाली. "चार वाजता मिस्त्री येणार आहे."

"मिस्त्री कशाला? मी काय मेलोय?"

झालं. अवजारांची पिशवी कपाटाखालून बाहेर आली. सकाळी शर्टाची बटणं लावताना या माणसाच्या नाकी नऊ आले होते, शेवटी तिनंच लावून दिली. आणि आता बघावं तर हातांना सगळं येत होतं. जुनं कुलूप निघालं. ढिल्या झालेल्या भोकांत त्यांनी लाकडाच्या काड्या ठोकून बसवल्या. नव्या कुलपाच्या दांड्याला खडू फासला, दार लोटलं, आणि चौकटीवर जिथं पांढरी खूण उमटली, बरोबर तिथं पटाशी चालवली. मोजपट्टी पिशवीतच राहिली.

"साबण आणा, ताई."

"साबण?"

"स्क्रूला लावायचा. लोण्यात शिरल्यासारखा आत जातो. हे मिस्त्री लोक नुसता जोर लावतात आणि लाकूड फाडतात."

ती ओंजळीत स्क्रू घेऊन उभी राहिली. ते न बघता हात मागे करत होते, ती एकेक स्क्रू हातावर ठेवत होती. खरं सांगायचं तर हे काम तिला संपायलाच नको होतं. लहानपणी ती अशीच उभी असायची, आणि स्क्रू खाली पडला की वडील खेकसायचे, "लक्ष कुठंय गं तुझं?" तेवढं एकदा ऐकायला मिळावं म्हणून तिचा जीव तीळतीळ तुटत होता. शेवटी तिनं एक स्क्रू मुद्दामच पाडला.

वडील वाकले, तो उचलला आणि शर्टाला पुसला. "असू द्या, ताई. होतं असं," ते म्हणाले.

तिनं तोंड फिरवलं. साबणाचा हात डोळ्याला लावायची सोय नव्हती.

कुलूप बसलं. वडिलांनी दार लावलं, आतून किल्ली फिरवून काढून घेतली, गोल मूठ दोन्ही हातांनी हिसडली, मग खांद्यानं रेटून पाहिलं. दार तसूभरही हललं नाही.

"आता हे कुणाच्या बापाला उघडायचं नाही," ते खूश होऊन म्हणाले, आणि सगळ्या किल्ल्या त्यांनी तिच्या हातावर ठेवल्या. "नीट सांभाळा. आणि त्या तुमच्या म्हाताऱ्यांवर रागावू नका. घरची ओढ असते माणसाला."

"नाही रागावणार," ती म्हणाली.

त्यांनी पटाशी पुसून पिशवीत टाकली, अंगावरचा भुसा झटकला, पिशवी खांद्याला अडकवली. "येतो मी. फार उशीर झाला. पोरगी थांबली असेल माझी. मी गेल्याशिवाय घास तोंडात घालत नाही. बाहेर पायरीवर बसून राहते, वेडी कुठली."

किल्ल्या तिच्या मुठीत रुतल्या.

"अजून बसते?" तिनं कसंबसं विचारलं.

"बसते म्हणजे काय! आई ओरडते, तरी उठत नाही," वडील कौतुकानं म्हणाले, आणि तिला कुलूप काढता यावं म्हणून अदबीनं बाजूला सरून उभे राहिले.