गुणगुणणारी बाई

फोनवरच्या एका फुकट संगीत-खेळाबद्दल लोक काय लिहितात, ते वाचणं हे तिचं काम. जाहिराती फार, गाणी गोड, बोटं दमतात, रोजचंच.

सोमवारपासून मात्र नवंच कौतुक येऊ लागलं. "मध्येच गुणगुणणारी बाई फार आवडते."

"अहो, ही बाई कुठून आणलीत?" तिनं संगीतकाराला विचारलं.

"नुसता पियानो आहे गं त्यात. कान तपासून घे."

मग कुणीतरी लिहिलं, "अंगाई म्हणते, पण दुसरी ओळ विसरते."

दुसरी ओळ तिची आई विसरायची. विचारायची, "पुढे काय गं, चिमणे?" आईला जाऊन वर्ष झालं होतं. तो आवाज पुन्हा एकदा ऐकायला तिनं काहीही दिलं असतं.

तिनं खेळ लावला, फोन कानाशी धरला. नुसता पियानो.

तेवढ्यात नवा अभिप्राय आला. "खेळ छान. पण बाई आज गाता गाता थांबली. म्हणाली, 'चिमणे, ऐकू येत नाही का गं तुला?'"