ताईचा खोकला

ताईचा खोकला आठवडाभर थांबेना, तेव्हा ती धाकट्या भावाच्या औषधांच्या दुकानात आली. "डॉक्टरकडे कशाला जातेस? मी आहे ना!" म्हणत त्याने अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. हृदयाचे ठोके नियमित ठेवणारी तिची गोळी दरमहा तोच देई, पण गिऱ्हाइकांच्या गर्दीत ते ध्यानातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना ताई कोसळली ती उठलीच नाही. "ही नि हृदयाची गोळी एकत्र आली की ठोके बिघडू शकतात," इस्पितळात त्याने दाखवलेलं त्या अँटिबायोटिकचं अर्धं पाकीट परत देत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पाकीट घेऊन तो खोलीबाहेर आला. बाहेर बाकावर बसलेल्या दाजींनी त्याचा हात धरला. "तुझ्या गोळ्यांनी खोकला थांबला होता रे तिचा. काल रात्री शांत झोप लागली होती तिला." तो दाजींच्या पायांशी बसला. "त्या गोळ्या तिला चालत नव्हत्या, दाजी. मी बघितलंच नाही."