जोब फेनेलची खूण

१९७१ च्या सप्टेंबरात क्लिफर्ड फेनेल कॅनडाहून इंग्लंडातल्या ओकमार्श गावी आला, तो भांडायच्या तयारीनेच. चर्चच्या किल्ल्या ईडिथ स्ट्रूडकडे असतात, असं त्याला पबमध्ये कळलं. आडनाव ऐकताच बिअरचा अर्धा ग्लास तसाच टाकून तो तरातरा तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"तुम्ही स्ट्रूड? त्या एबल स्ट्रूडच्या वंशातल्या?"

"त्याच्या भावाच्या," ईडिथ म्हणाली. "पाय पुसून आत या. चहा टाकलाय."

ईडिथ सत्तरीची होती. लग्न केलं नव्हतं. गावातली निम्मी माणसं तिच्या हाताखाली पाढे शिकली होती.

क्लिफर्ड बसला, पण कोट काढला नाही. मूठ आपटत त्याने सगळं सांगितलं. १८३० साली ओकमार्शच्या मजुरांनी मळणीची यंत्रं फोडली. यंत्रांमुळे हिवाळ्याचं कामच गेलं, तर खायचं काय? एबल स्ट्रूडने न्यायाधीशापुढे जाऊन यंत्रं फोडणारा म्हणून जोब फेनेलचं नाव सांगितलं. जोब त्याचा जिवलग मित्र होता.

"पण जोब, माझा पणजोबा, सापडला नाही. गावाने आपल्या खर्चाने कॅनडाला धाडायच्या गरीब माणसांची यादी केली होती, तीत त्याचं नाव होतंच. तो सरळ जहाजावर चढला."

ईडिथचा किटलीवरचा हात थांबला. "निसटला? आमच्याकडे तर सांगतात, जोबला बेड्या घालून नेलं, तो परत आला नाही."

"परत कसा येईल? ओंटारिओत शेत करत होता!"

"इथे चाकं करायचा ना तो?"

"पोटासाठी माणूस काहीही करतो, बाई. माझ्या वडिलांनी त्याला पाहिलंय. दर नाताळला म्हातारा एबल स्ट्रूडचं नाव घ्यायचा आणि शेकोटीत थुंकायचा. मग पोरांना थुंकायला लावायचा. आम्ही अजून थुंकतो."

"इथे थुंकू नका. आत्ताच झाडलंय."

क्लिफर्ड हसला नाही. त्याला चर्चच्या आवारात जोबच्या नावाचा दगड हवा होता. दगडावर दगा देणाऱ्याचंही नाव हवं होतं. वडील एक्क्याण्णव वर्षांचे होते आणि डॉक्टरांनी नाताळापर्यंतची आशा दिली होती. डोळे मिटायच्या आत त्यांच्या हातात त्या दगडाचा फोटो द्यायचा होता.

"आणि दगडावर ही खूण," असं म्हणत त्याने हात पुढे केला. बोटात चांदीची जाड अंगठी होती, तिच्यावर कोयत्यासारखी आकृती. "पणजोबाला लिहिता येत नव्हतं. सहीच्या जागी हे काढायचा. बहिणीच्या लग्नाला तो साक्षीदार होता. तुमच्या चर्चच्या जुन्या कागदांच्या पेटीतल्या लग्नाच्या नोंदवहीत हीच खूण असणार. मला ती बघायचीय."

ईडिथने चष्मा लावला. त्याचं बोट उजेडाकडे धरून ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने चष्मा काढून ठेवला.

"चर्चची किल्ली आहे. पेटीची हरवलीय."

दोन दिवसांनी दगडाचं ठरवायला गावाची सभा भरली. पबची मालकीण डल्सी वॉर पहिल्या रांगेतून ओरडली, "ईस्टरला तूच पेटी उघडून वेदीवरची चादर काढलीस ना गं? किल्लीला काय पाय फुटले?"

सगळे हसले. पाद्री लाइलसाहेब म्हणाले, "मिस स्ट्रूड, लोहाराला बोलावून कुलूप तोडू या."

"पेटी तोडायची तर आधी मला तोडा." ईडिथ उठून उभी राहिली. तिचा आवाज इतका चढलेला गावाने कधी ऐकला नव्हता. "दगड उभारा. माझ्या घराण्याचं नाव कोरा, हवं तेवढं मोठं कोरा. अंगठी बघून खूण काढा. पण पेटीला हात लावायचा नाही!"

"बघा!" क्लिफर्ड लालबुंद झाला होता. "एकशे चाळीस वर्षं झाली, तरी लपवाछपवी चालूच. रक्तच तसलं!"

"रक्ताचं तुम्ही मला सांगू नका, मिस्टर फेनेल." ती दारापर्यंत जाऊन वळली. "फोटो नाताळाआधी पोचेल ना?"



ऑक्टोबरात दगड उभा राहिला. 'जोब फेनेल. एबल स्ट्रूडने याला दगा दिला.' खाली अंगठीवरचा कोयता, हुबेहूब. क्लिफर्डने फोटो काढले आणि जाताना ईडिथच्या फाटकाला लाथ घातली. फाटकाची एक बिजागरी तुटली, ती तिने कधी बसवून घेतली नाही. चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या रांगेत तिच्या शेजारी कोणी उभं राहीना. महिन्याभरात तिने गाणं सोडलं.

क्लिफर्डच्या वडिलांनी नाताळच्या दिवशी फोटो छातीशी धरला, शेकोटीत थुंकले आणि जानेवारीत सुखाने गेले. क्लिफर्ड १९८० साली वारला, अंगठी त्याच्या मुलीकडे गेली. लाइलसाहेब निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला गेले. डल्सीने पब विकला आणि समुद्रकाठी घर घेतलं, तिथेही ती ईडिथच्या किल्लीची गोष्ट रंगवून सांगायची.

ईडिथ १९८३ च्या मार्चात गेली. घर आवरताना पिठाच्या डब्याच्या तळाशी किल्ली सापडली. नव्या पाद्रीने पेटी उघडली. वरच नोंदवही होती. बहिणीच्या लग्नाच्या नोंदीत, साक्षीदार जोब फेनेलच्या नावापुढे, आठ आऱ्यांचं चाक काढलेलं होतं. वहीखाली जोबविरुद्धची जबानी होती. जबानी देणारा एबल स्ट्रूड, धंदा झुडपांची कुंपणं छाटण्याचा, आणि सहीच्या जागी क्लिफर्डच्या अंगठीवरचा तोच कोयता.