चार वर्षांचं पाकीट

आमच्या वूहानमध्ये सून लग्नाचा चहा हातात देताना पहिल्यांदा 'आई' म्हणते आणि सासू तिला पैशांचं लाल पाकीट देते. माझं पाकीट चार वर्षं कपाटात तयार होतं. माझ्या मुलाची मैत्रीण श्वेयिंग दर रविवारी यायची, माझे गुडघे चोळायची, कमळकाकडीचं सूप करायची. पण हाक मात्र 'मावशी'च.

"अगं, आई म्हण की एकदाची!" मी वैतागायचे.

"आधी चहा तर होऊ द्या, मावशी."

गेल्या महिन्यात माझ्या दिवट्या पोराने तिला सोडलं. काल नवीन मुलगी घेऊन आला. दारात बूट काढायच्या आतच तिने लाडात हाक मारली, "आई!"

 

"मावशी म्हण," मी म्हटलं.